वॉर्साचा राजवाडा

पोलंडची राजधानी वॉर्सा येथील राजवाडा पाहावयास जो प्रवासी जातो, त्याच्या कानीं येतें कीं, ह्या भिंती विसाव्या शतकांतल्या आहेत. हें ऐकून त्याची प्रथम कदाचित् निराशा होईल. परंतु त्या नव्यानें कां बांधाव्या लागल्या, हें कळल्यावर त्यांच्यापुढें त्याची मान आपोआप लवेल.

तिसऱ्या सिगिस्मुंड राजानें सतराव्या शतकाच्या आरंभीं हा वाडा वाढवून त्यास पंचकोनी रूप दिलें. ३ मे १७९१ रोजीं येथील सीनेटच्या दालनांत पोलंडची लेखी राज्यघटना संमत झाली. १७९५ सालीं शेजारच्या सत्तांनीं देश वांटून घेतला. राज्य गेलें, पण त्या राज्याची खूण म्हणून वाडा उभा राहिला.

हीच खूण शत्रूस सलत होती. १७ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन तोफांनीं वाड्यास आग लागली व मनोऱ्यावरील घड्याळ ११ वाजून १५ मिनिटांनीं बंद पडलें. वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख स्तानिस्लाव लोरेन्त्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं जिवावर उदार होऊन चित्रें आणि कोरीव कामाचे तुकडे हलविले. सुरुंगांसाठीं शत्रूनें भिंतींना भोकें पाडून ठेविलीं होतींच. १९४४ सालीं त्यानें वाडा उडवून दिला. त्याच दिवसांत आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायकामुलें, आश्रयास होते.

पुनर्बांधणीचा निर्णय १९७१ च्या जानेवारींत झाला. देशांतील व परदेशांतील पोलिश लोकांनीं वर्गणी दिली. वाचविलेले तुकडे नव्या बांधकामांत बसविण्यांत आले. १९ जुलै १९७४ रोजीं घड्याळ बरोबर ११ वाजून १५ मिनिटांनीं पुन्हां चालूं झालें आणि १९८४ सालीं वाडा जनतेस खुला झाला.

ही नुसती नक्कल नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच निराधार नाहीं. पुराव्यावांचून उभारलेली जुनी वास्तु ही कल्पनाच होय. परंतु येथें चित्रें होतीं, छायाचित्रें होतीं, अस्सल अवशेष होते. आणि हें सारें संकटकाळीं जपणारीं माणसें होतीं. वास्तु पडल्यावर जीर्णोद्धार सर्वांनाच सुचतो. ती उभी असतांना तिची नोंद ठेवणें थोड्यांनाच सुचतें. आपल्या गांवच्या जुन्या वाड्याचें मोजमाप कोणी घेऊन ठेविलें आहे काय, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें.