चांदीने भरलेली दाढ

किडलेली दाढ चांदीने भरली, असे लोक म्हणतात. पण त्या चांदीत जवळजवळ निम्मा भाग पाऱ्याचा असतो. धातूंचा भुगा पाऱ्यात खलून केलेला हा पारदमेल घडीभर मऊ राहतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो. १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी तो न्यूयॉर्कला नेला व त्यास भारदस्त राजेशाही नाव देऊन धंदा मांडला. कीड नीट न कोरताच ते हा लगदा दाढेत दडपीत. सोन्याचा वर्ख ठोकून दात भरणारे दंतवैद्य खवळले. त्यांच्या रागास पाऱ्याच्या विषाचे भय कारण होते. बुडत्या कमाईचेही असावे. १८४० साली स्थापन झालेल्या त्यांच्या अमेरिकन संस्थेने १८४५ मध्ये सभासदांकडून पारदमेल न वापरण्याची प्रतिज्ञा मागितली. त्या प्रतिज्ञेने संस्थेतच फूट पडली आणि १८५६ मध्ये ती विसर्जित झाली. पारदमेल मात्र राहिला, कारण तो स्वस्त होता.

दोष पदार्थात होतेच. कोठे भरण फुगून दात तडके, कोठे आकसून फट पडे. शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात चिकाटीने मोजमापे घेऊन चांदी व कथील यांचे प्रमाण बसविले, तेव्हा हा प्रकार आटोक्यात आला. क्षरण तेवढे उरले. मिश्रण घट्ट होताना काही कथील पाऱ्याशी संयोग पावते आणि हेच संयुग सर्वांत दुबळे. लाळेतील क्षारांपुढे त्याचा निभाव लागत नाही. कथिलाची ऑक्साइडे व क्लोराइडयुक्त संयुगे बनतात, भरण काळवंडते, त्याच्या कडा ठिसूळ होऊन तुटतात. मौज अशी, की भरण आणि दात यांमधील बारीक फट हाच गंज हळूहळू बुजवितो.

१९६३ मध्ये कॅनडातील इनेस व यूडेलिस यांनी भुग्यात चांदी-तांब्याचे गोल कण मिसळले. हेतू मजबुती वाढविण्याचा होता; पण तांब्याने कथील आपल्याकडे ओढून घेतले आणि ते दुबळे संयुग जवळजवळ नाहीसेच झाले. अशी भरणे कमी गंजतात. अर्थात त्यांची फट बुजण्यासही अधिक काळ लागतो.

पाऱ्याचा जुना वाद पुढे निराळ्या वाटेने परतला. २०१३ च्या मिनामाता कराराने पारदमेलाचा वापर घटविण्याचे ठरविले. भारताने त्यास २०१८ मध्ये मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, मोजके अपवाद वगळून, त्यावर बंदी घातली. या वेळी मुख्य चिंता होती ती दवाखान्यांच्या मोऱ्यांतून नदीनाल्यांत उतरणाऱ्या पाऱ्याची.