जकातीची भिंत आणि कामगार

आयात जकात म्हणजे परकी माल अडविण्यासाठी देशाच्या वेशीवर उभारलेली भिंत. पण त्या भिंतीचा आडोसा आतल्या सर्वांना सारखा मिळतोच असे नाही. हिंदुस्थानातील कापडधंद्याचा इतिहास याची साक्ष देतो.

लँकेशायरच्या आग्रहामुळे १८८२ साली सरकारने कापडावरील आयात जकात उठविली. तिजोरीला ओढ लागताच १८९४ मध्ये ती पुन्हा बसवावी लागली. परंतु १८९६ साली परदेशी कापडावर शेकडा साडेतीन जकात ठेवून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादन-कर लादण्यात आला. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले! १९१७ पासून आयात जकात वाढली, तरी हा कर कायमच राहिला. १९२५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कर तहकूब केला आणि कपातही मागे घेतली गेली. कराचा भार अखेर कोणाच्या पाठीवर उतरतो, हे त्या संपाने उघड केले.

पुढे जपानी मालाची चढाओढ वाढली. १९२७ साली परदेशी सुतावर शेकडा ५ किंवा रत्तलामागे दीड आणा, यांपैकी जी अधिक असेल ती जकात बसली. गिरणीत सूत कातणाऱ्याला तिचा आधार झाला. पण हातमागावरील विणकराचा सूत हाच कच्चा माल! त्याचा खर्च वाढला. शिवाय बाजारात त्याच्या लुगड्याची गाठ देशी गिरणीच्या स्वस्त कापडाशी पडे, आणि तेथे कोणतीही जकात त्याच्या मदतीस येणे शक्य नव्हते.

मग गिरणीकामगार तरी सुखी झाला काय? १९३० साली ब्रिटिश कापडावर शेकडा १५ व इतर परदेशी कापडावर शेकडा २० जकात बसली. १९३३ साली ब्रिटिशेतर कापडावर ती ७५ पर्यंत गेली. तिच्यामुळे गिरण्या तगल्या, हे खरे. परंतु भिंतीच्या आतही मुंबईला अहमदाबादसारख्या केंद्रांशी झुंजावे लागत होते. १९३३-३४ मध्ये मुंबईत मजुरी पुन्हा कापली गेली आणि एप्रिल १९३४ मध्ये सार्वत्रिक संप झाला.

जकात मालाला संरक्षण देते. मजुरीचे रक्षण मजुरांची संघटना आणि कायदा यांनाच करावे लागते. म्हणून जकात किती, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या मालावर, आणि तो माल कोणाच्या हाती कच्चा व कोणाच्या हाती पक्का, हेही विचारले पाहिजे.