मिक्सर

आमच्या घरात 'मिक्सर' हा शब्द परवापरवापर्यंत एकाच अर्थाने वापरला जाई. त्यात खोबऱ्याची चटणी होते आणि शेजारी जागे होतात. त्यामुळे चिरंजीव रात्री जेवताना "मिक्स बसत नाहीये" म्हणाले, तेव्हा सौ. म्हणाली, "भांडं जरा फिरवून बघ, बसेल."

मग उलगडा झाला. चिरंजिवांनी मित्रांबरोबर रॉक बँड काढलाय. इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, गाद्या भिंतीला उभ्या करून, लॅपटॉपवर गाणं रेकॉर्ड केलंय. ते मला ऐकवलं. दोन गिटार, बास, ड्रम सगळं होतं. गाणारा मात्र पूर आलेल्या गोदावरीच्या पलीकडून हाका मारत होता.

"गातंय कोण?"

"मीच."

आता मी बी. कॉम., तोही सेकंड क्लास. पण बँकेत वीस वर्षं ताळा जमवण्यात गेली, त्यामुळे न जमणाऱ्या गोष्टींबद्दल मला आपुलकी आहे. मी या प्रकरणाचा इतिहासच वाचून काढला.

पूर्वी मिक्स पायांनी करत. १९०२ साली गाइसबर्गसाहेब ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आले आणि गौहरजानचं गाणं त्यांनी मुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हताच, कर्णा होता. ज्याचा आवाज मोठा त्याने मागे सरकायचं, ज्याचा लहान त्याने पुढे यायचं. विजेवरचं मुद्रण आलं १९२५ साली. १९३१ च्या 'आलम आरा'त वादक कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून लपून वाजवत, आणि शेजारून रेल्वे जाई म्हणून बरंचसं चित्रण रात्रीच उरकत. (आमच्या नाशिकचे दादासाहेब फाळके शहाणे. १९१३ चा त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मूकच. आवाज नाही, तर ताळाही नाही.)

पण मला सापडलेलं घबाड १९६८ सालचं. त्या जानेवारीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि फोर्टातल्या एच. एम. व्ही. च्या स्टुडिओत त्याने एका चित्रपटाचं संगीत मुद्रित केलं. संतूरवर शिवकुमार शर्मा वगैरे मंडळी. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येई. मुंबईला एकपदरी यंत्र होतं, म्हणून दोनपदरी यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणवलं, असं हॅरिसननेच सांगितलंय. दोन पदर म्हणजे सगळी वाद्यं दोनच खात्यांत जमा! एकदा पोस्टिंग झालं की बासरी वेगळी काढून कमी करता येत नाही. जो काही तोल तो वाजवतानाच सांभाळायचा. चिरंजिवांकडे चोवीस पदर होते आणि चोवीसही बटणं वरच्या टोकाला. लॅपटॉपवर लाल दिवा लागलेला.

"अरे, जमेची बाजू किती फुगवशील? खर्चाची बघ," मी म्हटलं. "गाणं ऐकू येत नाही ना? मग बाकीचे कमी कर."

आश्चर्य म्हणजे शास्त्रही हेच सांगतं. गिटार आणि माणसाचा गळा मधल्याच पट्टीत गर्दी करतात, द्वारका चौकात रिक्षा आणि बस करतात तशी. चिरंजिवांनी गिटारचा तेवढा मधला भाग छाटला, एक गिटार डाव्या कानाला, एक उजव्या कानाला पाठवली, मध्ये रस्ता मोकळा केला. बास आणि मोठा ड्रम खाली भांडत होते, त्यांचीही तडजोड झाली. तरी आवाज विहिरीतूनच. पाहतो तर त्यावर घुमाऱ्याचे थरावर थर चढवलेले.

"हे कशाला?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "माझा आवाज चांगला नाहीये बाबा."

इतका वेळ मी गिटारला शिव्या घालत होतो.

मग मी त्याला हॅरिसनची उरलेली गोष्ट सांगितली. त्याच मुंबईच्या मुक्कामात त्याने 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीत करून घेतलं. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. फेब्रुवारीत लंडनला गायची वेळ आली तेव्हा हा जगप्रसिद्ध माणूस अडून बसला. आपल्याला ते जमणार नाही म्हणे! पॉल मॅकार्टनीने समजूत घातली, म्हणून गायला. मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या पाठच्या बाजूला ती तबकडी निघाली. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं ते पहिलं गाणं.

चिरंजीव काही बोलले नाहीत. त्या रात्री दीड वाजता मागच्या खोलीतून पुन्हा गाणं सुरू झालं. सौ. उठायला लागली, तिला म्हटलं, "झोप, आलम आरा चाललंय."

सकाळी त्याने फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर गाणं लावलं. (छोट्या स्पीकरवर जमलं तर कुठेही जमतं, हे त्यांचं टेस्ट ऑडिट.) आवाज थोडा कापरा, पण समोर बसल्यासारखा. शब्दन्‌शब्द कळत होता. मी काही बोलणार, तोच सौ.ने चटणीचा मिक्सर बंद केला.

"ही कॉलेज रोडवर स्कूटीवरून येते ती कोण रे?"

चिरंजिवांनी घाईघाईने लॅपटॉप उघडला आणि दोन्ही गिटार वाढवायला घेतल्या.