कोकणातील लोकसंख्या-घट व शेती

महाराष्ट्राच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांची लोकसंख्या २००१–२०११ या दशकात अनुक्रमे सुमारे ४.८ व २.२ टक्क्यांनी घटली. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईत, हे त्याचे उघड कारण. गिरण्यांच्या काळापासून चाकरमान्यांची मनीऑर्डर घर चालवी, शेत मात्र बायका-म्हाताऱ्यांवर पडे. लावणीला माणूस मिळेना, तशी भातखाचरे पड राहिली. बांध फुटले, रान माजले, वानर-रानडुकरांच्या उपद्रवाने शेजारचा कसणाराही कंटाळला. सातबारावर पाच-पंचवीस नावे, त्यामुळे जमीन खंडाने देणेही अवघड. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळे वरकस जमिनीवर आंबा-काजू आला. खाचरांना तिचा फारसा उपयोग नव्हता. अनेक आंबाबागांची राखण आता नेपाळी गडी करतात.