बोटखतापासून व्हीलुकअपपर्यंत

दप्तरातली नोंद किती लवकर सापडेल, हे दप्तर किती जाड आहे यापेक्षा ते कसे लावले आहे यावर ठरते. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरसारख्या किनारी गावात हा प्रश्न नेहमीच अवघड राहिला. समुद्रालगत नारळ-पोफळीची आगरे, मागे भातखाचरे, वर वरकस डोंगर. जमिनीचे तुकडे लहान आणि एकेका तुकड्यावर नावे अनेक. त्यातले निम्मे वारस मुंबईला. कोणाचे काय कुठे आहे हे सांगणारी वही चोख लागते, आणि वही नुसती चोख असून भागत नाही, त्यात शोधता आले पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावे खोती होती. सरकारचा सारा भरायची जबाबदारी खोताची, आणि कुळांकडून काय यायचे याचा हिशेब बोटखतात. पुढे १८८० च्या खोती कायद्याने खोत आणि कुळे यांच्या हक्कांची रीतसर नोंद होऊ लागली. पण नोंद असणे वेगळे आणि ती सापडणे वेगळे. मोडीतला मजकूर ओळीने वाचत नाव येईपर्यंत जायचे, एवढाच मार्ग असेल तर दप्तर वाढेल तसा शोध लांबत जातो.

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. त्यानंतर गावच्या हिशेबांना जी शिस्त लागली, ती अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याच्या मॅन्युअलमुळे ओळखली जाते. गावचे नमुने एक ते एकवीस क्रमांकांत बांधले गेले. यातला कस सातबाऱ्यात दिसतो. नमुना सात हा जमिनीच्या तुकड्यावर उभा आहे: सर्व्हे नंबर, हिस्सा, आणि त्याखाली कब्जेदारांची नावे. नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. वारस लागला, खरेदी झाली, वाटणी झाली की तपशील नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, अनुक्रमाने लिहिला जातो आणि सातबाऱ्यावर फक्त तो क्रमांक येतो. जुन्या नावाला कंस पडतो. हे नाव कसे चढले असे कोणी विचारले, तर तलाठ्याला फेरफाराची वही पहिल्या पानापासून चाळावी लागत नाही. वर्तुळातला आकडा पाहायचा, तेच पान उघडायचे.

उलटा प्रश्न मात्र सातबारा सोडवत नाही. अमुक माणसाच्या नावावर गावात काय काय आहे, हे पाहायला सगळे सातबारे उलगडावे लागतील. त्यासाठी नमुना आठ-अ. त्यात प्रत्येक खातेदाराला खाते क्रमांक आणि त्या खात्याखाली त्याचे सगळे सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. एकच माहिती दोन बाजूंनी लावून ठेवली. लिहिण्याचे काम दुप्पट झाले, शोधण्याचे कित्येक पटींनी घटले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, पण ही रचना टिकली. कागदाच्या काळातली ही सर्वांत कमी कौतुक झालेली कामगिरी म्हणावी लागेल.

त्याच काळाच्या शेवटी संगणक आला. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. महाभूलेख या सातबाऱ्याच्या संकेतस्थळावर आधी जिल्हा, तालुका, गाव निवडायला लावतात तेही सोयीचेच आहे: शोध एका गावापुरता उरतो.

स्प्रेडशीटमध्ये हाच इतिहास थोड्या वर्षांत पुन्हा घडला. १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये लुकअप हे फंक्शन होते आणि त्याला चढत्या क्रमाची यादी लागत असे. लोटस १-२-३ मधून व्हीलुकअप आले, एक्सेलने ते उचलले. चौथी किंमत न दिल्यास व्हीलुकअप आजही यादी चढत्या क्रमात आहे असेच धरून चालते. क्रम नसेल तर चुकीचे उत्तर गुपचूप मिळते. म्हणून बहुतेक लोक चौथ्या जागी शून्य घालून तंतोतंत जुळणी मागतात, आणि मग सूत्र यादी वरून खाली वाचत जाते.

समजा खात्यांची यादी १ लाख ओळींची आहे. तंतोतंत जुळणीला सरासरी ५० हजार तुलना लागतात, आणि खाते यादीत नसेलच तर पूर्ण १ लाख. अशी १० हजार सूत्रे असली की ५० कोटी तुलना. यादी क्रमाने लावून दुभागत गेले, तर एका शोधाला साधारण १७ पुरतात. तंतोतंतपणा सोडायचा नसेल तर सूत्र दोनदा लिहायचे: पहिले क्रमवार शोधातून किल्लीच, म्हणजे ज्यावरून शोधायचे तो खाते क्रमांकच, परत आणते, ती मागितलेल्या किल्लीशी जुळली तरच दुसरे उत्तर काढते. क्षेत्र, आकार, फेरफार असे अनेक रकाने हवे असतील तर मॅचने ओळीचा क्रमांक एकदाच काढून वेगळ्या रकान्यात ठेवावा आणि पुढे इंडेक्सने उचलत जावे. सातबाऱ्यावरचा वर्तुळातला आकडा हेच काम करतो. इनडायरेक्ट आणि ऑफसेट ही फंक्शने दर बदलाला नव्याने चालतात, तेव्हा मोठ्या फाइलीत ती टाळलेली बरी.

एक अडचण खास जमिनीच्या नोंदींची. एक्सेलमध्ये १२/३ असा हिस्सा टाइप केला की त्याची तारीख होते. रकाना आधी टेक्स्ट करून ठेवला नाही तर किल्लीच बिघडते, मग वेगाची चर्चा व्यर्थ. शेवटी राहिलेली मोकळी जागा, किंवा एका यादीत वेळणेश्वर आणि दुसरीत वेलणेश्वर, यानेही जुळणी फसते. नावावर शोध चालवण्यापेक्षा क्रमांकावर चालवावा, तो यासाठी. २०२० च्या नव्या सातबाऱ्यात गावाच्या नावासोबत गावाचा कोडही छापला जाऊ लागला.

एक्सेलच्या ओळी २००७ मध्ये ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या आणि जुनी सूत्रे त्या भाराखाली रखडू लागली. २०१८ मध्ये ऑफिस ३६५ मधल्या एक्सेलने एकाच यादीत वारंवार होणाऱ्या शोधांसाठी आतल्या आत सूची बांधून ठेवायला सुरुवात केली, आणि २०१९ मध्ये एक्सलुकअप जाहीर झाले. त्यात तंतोतंत जुळणी न सांगताच होते, आणि क्रमवार यादी दुभागून शोधायची सोयही दिलेली आहे.