खोगीर-शिवण व शिवणयंत्रे
खोगीर, तंग, रिकिबीचे पट्टे इ. जाड चामडी वस्तूंची शिवण व तीसाठी वापरली जाणारी यंत्रे. महाराष्ट्रात हे काम परंपरेने जीनगर करीत. ते आरीने भोके पाडून, मेणविलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांस सुया ओवून दुहेरी टाका घालीत.

एलिअस हौ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या शिवणयंत्रात सुई व धोटा यांचे धागे एकमेकांत अडकतात. यंत्रामुळे वेग वाढला. परंतु असा एक धागा तुटल्यास शेजारचे टाके सैल होतात. हातशिवणीत मात्र दोऱ्याची दुसरी बाजू पकड राखते.

रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे हा भेद आजही महत्त्वाचा आहे. या गिरिस्थानी १९०७ मध्ये नेरळहून रेल्वे पोहोचली. तथापि मोटारगाड्यांना प्रवेशबंदी असल्याने घोड्यावरून प्रवास टिकून राहिला. तंगाची शिवण उसवल्यास खोगीर फिरून स्वार पडू शकतो.

साध्या यंत्रात केवळ खालचे दाते माल सरकवितात व जाड थर एकमेकांवरून घसरतात. म्हणून सुई, दाबपाय व दाते एकत्र सरकणारे यंत्र निवडतात. त्यास मोठी कप्पी बसविल्यास वेग घटून जोर वाढतो. चामड्याची सुई भोक कापते व ते पुन्हा मिटत नाही. त्यामुळे टाके फार जवळ घातल्यास चामडे शिवणीवरच फाटते. पावसाळ्यातील दमट हवेत सुती दोरा कुजतो. नायलॉन वा पॉलिएस्टर अधिक टिकते. यंत्राच्या धोट्याचा गंज टाळण्यासाठी नियमित तेल आवश्यक असते.