देहोपस्थिती याचिका (वकिलाविना, कारागृहातून)

बेकायदा अटकेतून सुटण्यासाठी उच्च न्यायालयाकडे (संविधान, अनुच्छेद २२६) किंवा सर्वोच्च न्यायालयाकडे (अनुच्छेद ३२) करायचा अर्ज. रूढ नाव ‘हेबियस कॉर्पस’. हा अर्ज बंदी स्वतः करू शकतो किंवा त्याच्यासाठी आई, बायको, मित्र. वकील असलाच पाहिजे असे नाही.

नाशिकच्या पंचवटीसारख्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत हा विषय निघतो तो मुख्यतः १९८१ च्या ‘एमपीडीए’मुळे; लोकांच्या तोंडी झोपडपट्टीदादा कायदा. पोलीस आयुक्त स्थानबद्धतेचा आदेश काढतात आणि इसमाची रवानगी सहसा नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहात होते. खटला न चालवताही स्थानबद्धता बारा महिन्यांपर्यंत चालू शकते. कारणे पाच दिवसांत कळवावी लागतात, आदेशाला शासनाची मंजुरी बारा दिवसांत लागते, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे जाते. या मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. म्हणजे स्वतःची बाजू स्वतः मांडायची वेळ स्थानबद्धावर याचिकेच्या आधीच येते.

इच्छूदेवी चोरडिया प्रकरणात (१९८०) महाराष्ट्र शासनाचा ‘कोफेपोसा’ या तस्करीविरोधी स्थानबद्धता कायद्याखालील आदेश सर्वोच्च न्यायालयापुढे होता. स्थानबद्धाने तुरुंगातून टाकलेले साधे पोस्टकार्डही न्यायालयाला हलवायला पुरले आहे, असे त्यात नमूद झाले. अटक कायदेशीर असल्याचे दाखवण्याचा भार शासनावर टाकला गेला. कागदपत्रांच्या प्रती द्यायला उशीर झाला, एवढ्यावर आदेश कोसळला. त्यामुळे अर्जात ‘मी निर्दोष आहे’ हे दहादा लिहिण्यापेक्षा तारखा लिहाव्यात: कारणे कधी मिळाली, ती कळणाऱ्या भाषेत होती का, स्थानबद्धतेविरुद्धच्या निवेदनाचे उत्तर किती दिवसांनी आले. पुरावा पुरेसा होता का, यात न्यायालय सहसा शिरत नाही.

न्यायालयाच्या आदेशाने कोठडीत असलेल्याला हा मार्ग साधारणपणे बंद आहे. तसनीम सिद्दिकी प्रकरणात (२०१८) हे पुन्हा स्पष्ट झाले. त्याने जामीन मागावा, शिक्षा झालेल्याने अपील करावे. छळाची तक्रार मात्र वेगळी. तिहारमधून सुनील बत्रा या बंद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेले पत्रच १९७९ मध्ये याचिका मानले गेले.

आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी देहोपस्थिती याचिकेची वाटच अडवली होती. तो निर्णय २०१७ मध्ये रद्दबातल ठरला.

नाशिकचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो. कोठडीतील व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा अधिनियमानुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला, तरी अनुच्छेद ३२ खाली दिल्लीला नव्याने अर्ज करता येतो.